पाठ फिरवायला शिकवणारी इंदू

इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोवाल्याला झापत होते. ओल्या मिरचीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, पथारीवर पहिले ढीग पडत होते, आणि हा शहाणा टेम्पो थेट वाळत घातलेल्या मालावर घालायला निघाला होता. फोन इंदूच्या भावाचा, दशरथभाऊंचा. "कांताबेन, आक्का गयी," एवढंच म्हणाले... मी "बरं" म्हटलं. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "घाल बाबा, कुठे घालायचा तिथे घाल." आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मिरचीवर कुणाला चाक घालू दिलं. देठ खुडणाऱ्या बाया हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिल्या.

नंदुरबारबाहेरच्यांसाठी सांगते, पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. दिवाळीपासून होळीपर्यंत ते लालभडक असतं आणि शिंकून शिंकून जीव जातो; उन्हाळ्यात ओस. नवरा गेल्यापासून आमची पथारी मीच सांभाळते. आणि इंदू म्हणजे धानोऱ्याच्या शेतकरी घरातली पोर, जन्मभर विमानं उडवणारी आणि दुसऱ्यांना उडवायला शिकवणारी. गावात तिला सगळे कॅप्टनबाई म्हणायचे. मी इंदूच म्हणायचे, आणि फार राग आला तर "ए इंद्ये". शाळेत ती माझ्या पुढच्या वर्गात. एसटीने यायची, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायची आणि माझे तूप लावलेले फुलके फस्त करायची. मारवाड्याच्या पोरीला ठेचा खायला तिने शिकवलं. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी काढत मी तिला नाही नाही ते बोलले, दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागितला. आमची मैत्री अशी तिखटावर सुरू झाली.

ती विमान शिकायला गेली तेव्हा धानोऱ्यात बायकांनी तोंडाला पदर लावले. "काय वं माय, हाई पोर आते आभाळमा जाई?" तिचे वडील ओट्यावर बसून म्हणाले, "जाऊ द्या. खाले उतरानं बी शिकीसन येई." म्हातारा बोलला ते अगदी खरं झालं, कारण पुढे इंदूचं नाव झालं ते उतरण्यासाठीच. वर काय, कुणीही जातं, ती म्हणायची. ढगांत हातभर पुढचं दिसत नसताना नुसत्या काट्यांवर नजर ठेवून धावपट्टीपर्यंत यायचं, हा तिचा विषय. आणि त्यातही तिचा जीव की प्राण म्हणजे प्रोसिजर टर्न. मी त्याला वळसा म्हणते, तिला ते चालायचं.

मला तिने हा वळसा चहाच्या टेबलावर कपबशी फिरवून समजावला होता. धावपट्टीपाशी जमिनीवर रेडिओचं एक यंत्र असतं, बीकन. विमानातला काटा त्याच्याकडे बोट दाखवत राहतो आणि तुम्ही त्याच्या बरोबर डोक्यावर येता. पण येता कुठून? कुणी नवापूरकडून येईल, कुणी शहाद्याकडून. धावपट्टीची रेघ मात्र एकच. तुमचं तोंड भलतीकडे असेल तर बीकनवरून तसंच पुढे जायचं, धावपट्टीकडे पाठ करून, ठरलेल्या रेघेवर, ठरलेल्या उंचीपर्यंत उतरत. मग रेघेपासून थोडं बाजूला व्हायचं, तिथून पूर्ण उलटं फिरायचं, रेघ परत पकडायची आणि सरळ समोर तोंड करून यायचं. "हे एवढं कशाला? दिसली धावपट्टी की घुसायचं," मी म्हणाले. इंदूने माझ्या हातातली बशी काढून घेतली. "दिसत नाही म्हणून तर," ती म्हणाली.

तरुणपणी ती एका मालवाहू विमानात दुसऱ्या खुर्चीवर बसायची, तेव्हाची गोष्ट तिने एकदाच सांगितली. पावसाळी ढग, खाली डोंगर, शेजारी तिच्या दुप्पट वयाचा कॅप्टन. खालून रेडिओवर आवाज आला, अप्रोचला, म्हणजे उतरत धावपट्टीकडे यायला, परवानगी आहे. कॅप्टनला घरी जायची घाई, म्हणाला सरळच घालतो. इंदू म्हणाली, "सर, आपण उलटीकडून आलोय. वळसा घ्यायला हवा." तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तो चिडला, पण वळला. वळून रेघेवर आले आणि ढग फाटला, तर ज्या बाजूने तो सरळ घालणार होता तिकडे टेकडी उभी. कॅप्टन खाली उतरून निघून गेला आणि पुन्हा कधी इंदूबरोबर उडाला नाही. "वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. "वाटलं ना. दोन दिवस जेवले नाही. पण जिवंत होते म्हणून उपाशी राहता आलं, कांता." असली बाई ती.

नोकरी संपवून ती धानोऱ्याला परत आली ती छातीचं दुखणं घेऊनच. खोकायची, जिना चढताना थांबायची. लग्न केलं नव्हतं. भाऊ, भावजय जीव लावणारे होते. आल्या आल्या माझ्याकडे मागणी काय तर, "उन्हाळामा तुन्ही पथारी माले दे." मला वाटलं हिला फिरायला हवीय. दुसऱ्या दिवशी बघते तर बाईने खो-खोच्या मैदानासारखी फक्की मारून माझ्या पथारीभर रेघा ओढलेल्या! मधोमध तेलाचा रिकामा डबा, तो बीकन. टोकाला दोन समांतर रेघा, ती धावपट्टी. विमान शिकणारी चार पोरं-पोरी सुट्टीत गावी आलेली असायची, ती संध्याकाळी यायची आणि ही त्यांना स्कूटीवरून नाहीतर पायी त्या रेघांवर फिरवायची. पायी चालणाऱ्याला डोळ्यांपुढे सूप धरायला लावायची, म्हणजे फक्त पायाखालचं दिसावं. पाहायला माझ्या कामवाल्या बाया जमायच्या. "काय करी ऱ्हायनी वं ही पोर?" "इमान उडाई ऱ्हायनी." "सूप लिसन?" आणि हसून हसून लोटपोट.

त्या पोरांतली एक माझी धाकटी, नेहल. तिच्या विमानाच्या वेडाला इंदूच कारणीभूत. आमच्या घरात शब्द चालतो तो माझ्या जेठांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. पोरं त्यांना बडे पापा म्हणतात. सून म्हणून आले तेव्हा त्यांच्यासमोर मी घुंगट काढायचे. माणूस वाईट नाही, मुळीच नाही, पण पोरगी विमान उडवणार म्हटल्यावर त्यांना रात्रीचं जेवण गेलं नव्हतं. कसंबसं मनवलं. नेहलने साधं लायसन मिळवलं तेव्हा त्यांनीच पेढे वाटले. पण ढगांतून नुसत्या काट्यांवर उडायची जी परीक्षा, तिच्याशिवाय पुढे नोकरी नाही, आणि त्या परीक्षेत नेहल आपटली. बीकनवर भलतीकडून आली, परवानगी मिळाली, आणि वळसा न घेता थेट धावपट्टीकडे वळली. विमान रेघेवर नाही, उंची जास्त... परीक्षकाने कंट्रोल आपल्या हातात घेतला आणि परीक्षा तिथेच संपली. बडे पापांनी शांतपणे सांगितलं, "एकदा अजून दे. नाही झालं तर पालीचं स्थळ आलंय, त्याचा विचार करू." पोरीने मान हलवली. मला तिच्याकडे बघवेना. लहानपणापासून गच्चीवर उताणी पडून आभाळ बघणारी माझी पोर, तिचं सगळं त्या एका वळशावर येऊन अडकलं होतं.

गंमत म्हणजे नियम तिला तोंडपाठ होते. इंदूने विचारलं की ती घडाघडा म्हणायची. नकाशात वळसा दाखवलाय आणि तुम्ही रेघेवर आलेले नाही, तर घ्यायचाच. नकाशातच 'या वाटेने आल्यास वळसा नको' असं लिहिलं असेल तर घ्यायचा नाही. रडारवाला, म्हणजे जमिनीवरून पडद्यावर विमानं बघणारा माणूस, दिशा देत देत शेवटच्या रेघेवर आणून सोडत असेल, किंवा सरळ या असं स्पष्ट सांगितलं असेल, तरीही घ्यायचा नाही. आणि नुसतं 'अप्रोचला परवानगी' म्हणजे सरळ घुसायची परवानगी नव्हे, वळशासकट सगळं करायची परवानगी. एवढं येत असून पोर चुकली कशी? इंदू दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तू धावपट्टीवर उभी ऱ्हाय. ती डब्यापाशी आली की बोलाव तिला."

मी उभी राहिले. नेहल डोळ्यांपुढे सूप धरून डब्यापर्यंत आली. मी हाक मारली, "ये बेटा, ये." आणि ती पोर, डब्यावरून पुढे जायचं सोडून, गर्रकन माझ्याकडे वळली आणि चालत आली! इंदूने टाळी वाजवली, "थांब. का आलीस?" नेहलने सूप खाली केलं. मग रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, बोलावल्यावर पाठ कशी दाखवू?" मी जागच्या जागी बसले. अहो, हे मीच तर शिकवलंय तिला! आमच्यात देरासरातून, म्हणजे आमच्या देवळातून निघतानाही भगवंताला पाठ दाखवत नाहीत, मागे मागे पावलं टाकत बाहेर येतात. थोरांच्या पाया पडून झालं की तसंच. मोठ्या माणसाने 'ये' म्हटलं की लगेच सामोरं जायचं, ताटकळत ठेवायचं नाही. तीन वर्षांची असल्यापासून तिच्या पायांत भरवलेलं हे वळण, ते विमानाच्या सुकाणूपर्यंत पोचलं होतं. परवानगी देणारा कुणी थोर माणूस, त्याने 'ये' म्हटलं, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून लांब जायचं? पोरीचा हातच उचलला नाही.

इंदू इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. पाणी पाजलं, पाठ चोळली. शांत झाल्यावर मात्र हसली नाही. नेहलचा हात धरून म्हणाली, "तू लांब जातेस ती नीट येण्यासाठी. त्यात अपमान नाही, बेटा. वाकडं तोंड घेऊन दारात घुसशील तो अपमान." मग रोज संध्याकाळी तोच धिंगाणा. मी प्रेमाने बोलवायचे, ओरडून बोलवायचे, "मेले गं, ये लवकर" असं नाटक करून बोलवायचे, आणि नेहलने माझ्याकडे पाठ करून चालत जायचं. पहिल्यांदा तिची पावलं अडखळायची. माझंही आत कुठेतरी दुखायचं, खोटं कशाला बोलू. पण आठवड्याभरात पोर ताठ मानेने पाठ फिरवायला लागली.

आणि मग इंदूने कहर केला. बडे पापांनाच बोलावलं! ते पांढऱ्याशुभ्र धोतरात, काठी टेकत, तोंडावर रुमाल धरून पथारीवर आले. इंदूने त्यांना धावपट्टीच्या टोकाशी खुर्ची दिली आणि म्हणाली, "शेठजी, पोरगी डब्यापाशी आली की तिला बोलवा." बडे पापांनी बोलावलं, त्यांच्या त्या जरबेच्या आवाजात, "नेहल! इकडे ये!" नेहल क्षणभर थबकली... आणि त्यांच्याकडे पाठ करून निघाली. सरळ, फक्कीच्या रेघेवर. बडे पापा खुर्चीतून उठलेच. "ही चालली कुठे?" नेहल लांब गेली, बाजूला झाली, पूर्ण फिरली, रेघ पकडली आणि समोरून, डोळ्यांपुढचं सूप न हलवता, चालत चालत बरोबर त्यांच्या पायांपाशी येऊन थांबली. सूप खाली केलं आणि वाकून पाया पडली. बडे पापा परत खुर्चीत बसले. मग इंदूला म्हणाले, "परीक्षेतही असंच करायचं का हिने?" इंदू म्हणाली, "हो." "मग करू दे." मी त्या दिवशी बायांना भजी खाऊ घातली, एवढं सांगते म्हणजे समजा.

पण इंदू समाधानी नव्हती. तिला कळलं होतं की आता पोर उलट्या बाजूने चुकणार. सरळ जाऊन नापास झालेली, आता भीतीने दर वेळी वळेल. आणि झालंही तसंच. इंदूने तिचा हात धरून तिला रेघेवर आणलं, म्हणाली, मी रडार आहे, मी नेतेय तुला, तरी नेहल डबा दिसला की वळायला निघाली. "मागे दुसरं विमान आहे ना वं! त्याला वाटतंय तू सरळ जाणार. तू फिरलीस की त्याच्या अंगावर." पुन्हा सुरुवात. हात धरलाय तर वळायचं नाही, हात नाही तर वळायचं. एकदा इंदूने अर्ध्या वाटेत हात सोडला आणि मुकाट उभी राहिली. नेहल गोंधळली. "आता काय करू?" इंदू म्हणाली, "समजनं नही ते इचारी ले वं माय." "कुणाला?" "ज्याने हात सोडला त्याला. आणि तुला उत्तर मिळेस्तोवर विचार." आमच्या घरातल्या पोरींना हे त्याहून अवघड. उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा. पण तीही सवय तिने लावली. पावसाळ्यात फक्की वाहून गेली, तरी दोघी धानोऱ्याच्या ओट्यावर बसून कपबशा फिरवत राहिल्या.

परीक्षा झाली तेव्हा इंदू सुरतेला दवाखान्यात होती. नेहलने आधी मला फोन केला नाही. नवापूरवरून जाणारी गाडी पकडली आणि थेट सुरत गाठली; गाडीत बसल्यावर मला कळवलं, मी पाठोपाठ. इंदू उशीला टेकून बसली होती, नाकाला नळी. पास का नापास हे विचारलंच नाही. "पहिल्यांदा उतरताना?" "रडार नव्हतं, मावशी. उलटीकडून आले होते. परवानगी मिळाली, मी पाठ फिरवली. पूर्ण वळसा घेतला." "आणि दुसऱ्यांदा उतरताना?" "दुसरं मोठं विमानतळ. रडारवाला नेत होता, आणि रेघ जवळ आली तसा गप्प झाला. बाकीच्यांशी बोलायला लागला. परीक्षक माझ्याकडे बघत होते." इंदूने डोळे बारीक केले. "मग?" "मी विचारलं. सरळ आणताय की पूर्ण वळसा घेऊन येऊ? तो म्हणाला, सरळ या. मी वळले नाही." इंदूने मुठी आवळून दोन्ही हात वर केले, नळीसकट. नर्स धावत आली. आम्ही तिघी हसतोय, रडतोय, आणि ती बिचारी विचारतेय काय झालं म्हणून. मी तिला सांगितलं, "अहो, आमची पोर ढगातून उतरली!"

त्यानंतर इंदू घरी आली, थोडे आठवडे राहिली. बरी होणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण त्या दिवसांत मी तिला एकदाही खचलेली पाहिली नाही. येईल त्याला नेहलच्या परीक्षेची गोष्ट सांगायची, दूधवाल्यालासुद्धा. जिंकून बसलेल्या माणसासारखी बसायची ओट्यावर. आणि एका सकाळी दशरथभाऊंचा तो फोन आला.

स्मशानात बायका जात नाहीत. मी गेले, नेहलही गेली. कोण अडवतं ते बघायचंच होतं मला, पण कुणी अडवलं नाही. बडे पापाही आले, काठी टेकत. धानोऱ्याच्या शिवारात, नाल्याकाठी, भाच्याने अग्नी दिला. ज्वाळा चढल्या, आणि मग सगळे परत निघाले. आमच्याकडे रीत अशी की चितेकडे पाठ केली की पुन्हा मागे बघायचं नाही, सरळ घराकडे चालायचं. वाटेत नेहल थांबली. कुणीतरी जुनं माणूस म्हणालं, "चाल बेटा, मांगे दखानं नही." नेहलने विचारलं, "का?"

तिने दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणालाच सांगता येईना. तेव्हा पोर वळली. पूर्ण वळली, चितेकडे तोंड करून ताठ उभी राहिली आणि इंदूकडे बघत राहिली. लोक कुजबुजले, "चला, चला," दोघंतिघं तिला ओढायला पुढे झाले. बडे पापांनी काठी आडवी धरली.

"थांबा," ते म्हणाले. "ती येते."